बऱ्या झालेल्या भिंती

सोनवड महानगरपालिकेच्या मुख्यालयात आता एकच अधिकारी रोज येत असे, आणि हातातलं काम संपू न देणं हेच त्याचं मुख्य काम होतं.

शर्विल ढमढेरे हे त्यांचं नाव आणि उपायुक्त हा हुद्दा. नावावरून कुणी त्यांना तरुण समजू नये. एकविसावं शतक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. शर्विल, रिधान, ओवी ही नावं तोवर म्हाताऱ्यांची झाली होती आणि बारशाला पुन्हा सगुणा, गोदावरी, तुकाराम अशी नावं ठेवायची टूम निघाली होती. ढमढेऱ्यांची साठी उलटली होती. मूलबाळ नव्हतं, आणि बायको, मीरा, जाऊनही बरीच वर्षं झाली होती. घरी त्यांच्याशी फक्त घरच बोलायचं. दिवा लावू का, पाणी तापवू का, असं ते फार अदबीनं विचारी. त्या अदबीचा त्यांना वीट आला होता.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण त्यांच्या लहानपणी अजून चालायची. आता ती मुलांना समजावून सांगावी लागे, आणि सांगितली तरी त्यांना पटत नसे. शहराचा सगळा कारभार 'दक्ष' नावाची यंत्रणा पाहत होती. नळाला गळती लागायच्या आधीच तिला पत्ता लागे. खड्डा पडायच्या बेतात असलेला रस्ता सकाळपर्यंत गुळगुळीत होई. मूल जन्मलं की त्याचा दाखला आईच्या फोनवर येऊन थांबे, नाव तेवढं भरायचं बाकी. पालिकेत खेटे घालून चपला झिजवलेल्या पूर्वीच्या माणसांनी हे सुख पाहिलं असतं, तर त्यांनी दक्षची आरतीच केली असती.

कायद्यातून एकच गोष्ट काढायची राहून गेली होती, ती म्हणजे लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी अधिकाऱ्यानं समोर बसून नागरिकांची गाऱ्हाणी ऐकायची, अशी ही जुनी पद्धत. गाऱ्हाणीच उरली नव्हती, त्यामुळे ती रद्द करायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही. ढमढेरे दर पहिल्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये टेबलखुर्ची मांडून बसत. समोर सगळी बाकं रिकामी असत. अशाच एका सोमवारी जिना चढून, धापा टाकत, ओवी गायधनी आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाई.

"साहेब, माझ्या दारासमोरचा रस्त्याचा दिवा लुकलुकतो," त्या म्हणाल्या.

दक्षच्या राज्यात दिवा लुकलुकणं शक्य नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं. ढमढेऱ्यांनी गंभीरपणे तक्रार लिहून घेतली. "सुनावणी पुढच्या तारखेला ठेवतो," ते म्हणाले. "समक्ष यावं लागेल बरं का."

"येईन की," ओवीबाई म्हणाल्या. जिना उतरताना त्या गुणगुणत होत्या.

सुनावणी चालू असलेल्या तक्रारीला दक्षनं हात लावायचा नाही, असा नियम होता. त्या नियमाचा ढमढेऱ्यांनी पुरेपूर फायदा घेतला. पाठोपाठ रिधान बागवान आले. शेजाऱ्याच्या शेवग्याची फांदी आपल्या गच्चीवर येते, ही त्यांची तक्रार. शेजारी केव्हाच वारला होता, शेवगाही वाळून गेला होता, पण तक्रार अगदी टवटवीत राहिली. मग आणखी लोक आले. पहिल्या सोमवारचं कामकाज अपूर्ण राहिल्यामुळे ते मंगळवारवर ढकलण्यात आलं, मंगळवारचं बुधवारवर. असं करता करता वीसेक माणसं रोज हॉलमध्ये जमू लागली. दुपारी डबे उघडत. डबा उघडताना आधी आजूबाजूला बघून "या जेवायला" म्हणायचं आणि दुसऱ्यानं "बसा, होऊ द्या" म्हणायचं, ही रीत शहरातून नाहीशी झाली होती. हॉलमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

ही माणसं एकमेकांच्या घरी का जात नव्हती, असं कुणी विचारील. काही काम नसताना कुणाच्या दारात उभं राहणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटे. सगळं काही घरबसल्या होत असताना 'सहज आलो' असं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? तक्रार घेऊन पालिकेत जाणं ही मात्र मानाची गोष्ट होती. त्यात आपण एकटे आहोत हे कबूल करावं लागत नव्हतं.

आणि नेमका त्याच वेळी महासभेनं विषय काढला की मुख्यालयाची इमारत जुनी झाली आहे, तिसऱ्या मजल्यावर तडे दिसतात, भर चौकातली मोक्याची जागा अडली आहे, तेव्हा ती पाडून नवी बांधावी का. उपायुक्तांनी तज्ज्ञांचा सल्ला घेऊन शिफारस करावी. नव्या इमारतीचा आराखडा तयारच होता. ती आटोपशीर, बिनखिडक्यांची होती आणि आत दक्षची यंत्रं बसायची होती. तिला एक दार होतं, तेही दुरुस्तीसाठी. माणसांना बसायला जागा कुठेच नव्हती.

आराखडा पाहिला त्या दिवशी ढमढेऱ्यांना जेवण गेलं नाही. इमारत पाडली की हॉल जाणार होता, आणि हॉल गेला की ओवीबाई, बागवान, ते स्वतः, सगळे आपापल्या घराशी बोलत बसणार होते.

तज्ज्ञ म्हणून आल्या त्या डॉ. सगुणा हिरवे, तिशीतली, भरभर चालणारी बाई. त्यांच्या हातात वाटीएवढं एक उपकरण होतं. भिंतीला टेकवलं की ते भिंतीच्या आतली खबर देई. पूर्वेकडच्या बाजूला, जुन्या बांधकाम परवानगी विभागात त्यांनी ते चार ठिकाणी टेकवलं आणि मान हलवली.

"उपाशी आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"भिंत. ही इमारत श्वासाश्माची आहे, हे तुम्हाला माहीत असेलच."

ढमढेऱ्यांना शब्द माहीत होता, अर्थ माहीत नव्हता. ते शाळेत असताना सोनवडमध्ये श्वासाश्माचा फार बोलबाला झाला होता. ही इमारत त्यातली पहिली. पुढच्या वीस वर्षांत शहरातली बहुतेक सगळी बांधकामं त्याचीच झाली. लोक राहतात त्या घराच्या भिंतीत काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं, तसं ते ढमढेऱ्यांनाही नव्हतं.

"काँक्रीटला तडे जातात," डॉ. हिरवे सांगू लागल्या. "आधी केसाएवढे. मग त्यात पाणी शिरतं, आतली सळई गंजते आणि इमारत म्हातारी होते. यावर उपाय म्हणून काँक्रीट कालवतानाच त्यात एक जातीचे जिवाणू घातले. ते आत झोपून असतात. तडा गेला की तिथे हवा आणि ओल पोचते आणि ते जागे होतात. मग माणूस श्वास सोडतो त्यातला कार्बन वायू घेतात, सिमेंटमधला चुना घेतात आणि दोन्हीचा मिळून दगड करतात. तडा बुजतो. खरचटल्यावर आपल्याला खपली धरते ना, तसं. श्वासापासून झालेला अश्म, म्हणून श्वासाश्म."

"म्हणजे आमच्या श्वासावर ही भिंत जगते?"

"हो. त्या काळी इंजिनिअर लोकांनी हिशोब केला होता की सरकारी कचेरीत माणसांना काय तोटा! दिवसभर झुंबड. सरकारी कचेरी कधी रिकामी पडेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही."

ढमढेऱ्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "नळीनं वायू सोडला तर?"

"एका शहरात करून पाहिलंय. नळीच्या तोंडाशी दगडाचा गोळा जमला आणि बाकीची भिंत तशीच राहिली. हे जिवाणू माणसाच्या श्वासावर वाढवलेले आहेत. ऊब, ओल आणि वायू, तिन्ही एकदम लागतं."

बोलता बोलता ती दोघं हॉलपाशी आली. आत सुनावणी रंगात आली होती. शेवग्याच्या फांदीवर ओवीबाई साक्ष देत होत्या आणि बागवान त्यांची उलटतपासणी घेत होते. डॉ. हिरवेंनी दारातच भिंतीला उपकरण टेकवलं, पाहिलं, पुसलं आणि पुन्हा टेकवलं.

"ही भिंत नवी असताना होती त्याहून मजबूत आहे!" त्या म्हणाल्या. "इथे रोज इतकी माणसं असतात?"

"तक्रारी फार आहेत हो," ढमढेरे नजर चुकवत म्हणाले.

त्यांना वाटलं, सुटलो. पण डॉ. हिरवे अजून भिंत चाचपत होत्या. त्यांनी हॉलबाहेरच्या व्हरांड्यात जमिनीपासून छतापर्यंत गेलेला एक तडा शोधून काढला. त्यात बोटाचं टोक जात होतं.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. एका पायात जाड वहाण घालून आणि दुसरा पाय अनवाणी ठेवून वर्षभर चाललं, तर काय होईल?"

"कंबर धरेल."

"हा व्हरांडा म्हणजे या इमारतीची कंबर आहे. तुम्ही सगळे एका ठिकाणी बसलात, तो भाग घट्ट झाला. बाकीचा उपाशी राहून ठिसूळ झाला. आता दोन्हींची ओढाताण चालली आहे. हॉल पडणार नाही. हॉलच्या खालचं आणि भोवतालचं मात्र चार-पाच वर्षांत निकामी होईल."

ढमढेरे तड्याकडे बघत राहिले. आपण सगळे एकत्र बसलो म्हणून हा तडा गेला, हे त्यांच्या मनाला फार लागलं. आत बागवानांच्या कुठल्याशा बोलण्यावर हशा पिकला होता.

"वाचवायचा काही उपाय?"

"आहे. माणसं सगळीकडे सारखी पसरायला हवीत. मुख्य खांब ज्यांच्यातून जातात अशा वीसेक खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक माणूस, खिडक्या बंद. व्हरांड्यात आणि जिन्यात घोळका नको. पगारी माणसं बसवायला महासभा पैसे देणार नाही, पण तुमच्याकडे वीस तक्रारदार आहेतच." त्यांनी हॉलकडे बोट केलं. "सहा महिने करून बघा. मग मी पुन्हा मोजते. आकडे सुधारले तर इमारत ठेवा म्हणून मी स्वतः लिहून देईन."

सरकारी काम आणि सहा महिने थांब. ढमढेऱ्यांनी हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. मग ओवीबाई म्हणाल्या, "एकाच इमारतीत तर असणार ना आपण? घरात बसण्यापेक्षा ते बरं." हे सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवसापासून ज्यानं त्यानं आपापली खोली धरली. दारांवर जुन्या पाट्या तशाच होत्या. बागवान अतिक्रमण विभागात बसले, शेवग्याच्या फांदीचा मान राखून. ढमढेऱ्यांच्या वाट्याला पाणीपट्टी आली आणि ओवीबाईंना शेजारचा उद्यान विभाग. सकाळी एकेकानं जिना चढायचा, दार लावून घ्यायचं, श्वास घ्यायचा आणि संध्याकाळी तसंच एकेकानं उतरायचं. दुसरं काही करायचं नव्हतं. कुणी वाचत बसे, कुणी पेंगत बसे. अख्ख्या इमारतीत माणसं होती आणि ती पूर्वीपेक्षा जास्त सुनसान वाटत होती.

पहिल्या दुपारी ढमढेरे डब्याचं झाकण उघडून बसले होते. घास उचलवत नव्हता. इतक्यात भिंतीतून आवाज आला.

"या जेवायला, साहेब!"

ते दचकले. उठून पाहिलं तर पाणीपट्टी आणि उद्यान विभाग यांच्यामधल्या भिंतीत, कपाटाच्या मागे, एक उभी फट होती. पलीकडचं दिसण्याएवढी मोठी नव्हती, पण आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येत होता. त्यांनी कपाट सरकवलं आणि खुर्ची फटीपाशी ओढली.

"बसा, होऊ द्या," ते म्हणाले. "आज काय आणलंय?"

"मेथीची भाजी. कडू झालीय जरा. तुमचा खोकला काय म्हणतोय?"

"आहे आपला."

ते पहिले दोन-तीन महिने ढमढेऱ्यांना सुखाचे गेले, असं म्हणायला हरकत नाही. एरवी ओवीबाई वीस जणांत बोलत. आता त्या त्यांच्या एकट्याशी बोलू लागल्या. वर्गातली कोणती मुलं आभाळ हिरवं रंगवायची, नवऱ्यानं मरताना काय मागितलं, रात्री जाग आली की घर "काही हवंय का" असं विचारतं तेव्हा काय वाटतं, हे सगळं. ढमढेऱ्यांनीही मीराबद्दल सांगितलं. त्यांच्या घराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच. नवं घर होतं तेव्हा पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या स्पष्ट ऐकू येत. मीरा त्या शिट्ट्या आपल्याच समजून गॅस बंद करी आणि वरण कच्चं राही. "पुढे पुढे शेजाऱ्यांच्या शिट्ट्या येईनाशा झाल्या," ढमढेरे म्हणाले. "गेले असतील कुठे सोडून. मी काही चौकशी केली नाही." त्यावर ओवीबाई पलीकडे बराच वेळ हसत होत्या, कच्च्या वरणाला.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. ओवीबाईंचं बोलणं तुटक येऊ लागलं. ढमढेरे खुर्ची आणखी पुढे घेत, तोंड फटीला लावून विचारत, "काय म्हणालात?" पलीकडून पुटपुटल्यासारखं उत्तर येई. आवाज दिवसेंदिवस खाली जात होता. आपण काही लागेलसं बोललो का, याचा ते घरी जाऊन विचार करीत. मीराचा विषय फार काढला का? एका दुपारी "या जेवायला" आलंच नाही. त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. ते दोन वेळा मोठ्यानं खाकरले, तरी पलीकडे चिडीचूप.

उठून चार पावलांवरच्या दारावर टकटक करणं अवघड नव्हतं. पण व्हरांड्यात थांबायचं नाही असं ठरलं होतं, आणि ढमढेऱ्यांचा मानीपणाही आडवा आला. बोलायचं नसेल त्यांना, तर आपण का मागे लागावं? त्यांनी खुर्ची टेबलाशी नेली आणि एकटे जेवू लागले. हॉल गेला तरी चालेल, असं त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं.

सहा महिन्यांनी डॉ. हिरवे आल्या. खोलीखोलीतून फिरत, उपकरण टेकवत त्या पाणीपट्टीत शिरल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता.

"अभिनंदन, साहेब! मला स्वतःला इतकी खात्री नव्हती. व्हरांड्याचा तडा निम्म्यावर आलाय. पूर्वेची बाजू सुधारली आहे. आणि सगळ्यांत झकास काम कुठे झालंय माहीत आहे? तुमच्या या भिंतीत." त्यांनी कपाटाशेजारच्या जागेवर हात फिरवला. "इथे मागच्या वेळी आरपार फट होती. आता बघा. दोन्ही बाजूंनी दगड धरलाय. फट म्हणून नाही राहिली. एवढ्या लवकर कशी बुजली, नवल आहे. अगदी तोंड लावून कुणी श्वास सोडावा तरच..."

त्या बोलायच्या थांबल्या, कारण ढमढेरे भिंतीकडे गेले होते. फटीच्या जागी पांढरट, गुळगुळीत रेघ होती. त्यांनी तिच्यावर नख ओढलं. नखाला काही लागलं नाही.

ते तसेच बाहेर आले आणि उद्यान विभागाच्या दारापाशी थांबले. दुपारची वेळ होती. दार नीट लागलेलं नव्हतं. आत ओवीबाई भिंतीला अगदी खेटून बसल्या होत्या, मांडीवर डबा. त्यांनी गाल भिंतीला लावला आणि जवळजवळ ओरडल्या, "या जेवायला, साहेब!"

त्या थांबल्या. कान देऊन ऐकलं. मग सवयीनं मान हलवली आणि पहिला घास घेतला.

"बसा, होऊ द्या," ते दारातून म्हणाले.

ओवीबाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग दाराकडे. "अगंबाई, तुम्ही! तुमचा खोकला ऐकू येईना, म्हटलं औषध लागू पडलं. मग मी हाक मारली तरी ओ देईनासे झालात. वाटलं, साहेबांना कंटाळा आला असेल या म्हातारीचा."

"रोज म्हणत होतात?"

"न म्हणता जेवेन होय? आणि चांगली मोठ्यानं म्हणत होते, भिंतीला तोंड लावून."

"मीही तोंड लावूनच बोलत होतो," ढमढेरे म्हणाले. मग त्यांनी श्वासाश्म म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं, जमेल तसं. ओवीबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा हात डब्यात तसाच राहिला होता.

"म्हणजे आपल्याच बोलण्यानं बुजली," त्या म्हणाल्या.

डॉ. हिरवे दारात येऊन उभ्या होत्या. "मुद्दाम छिद्र पाडता येईल," त्या म्हणाल्या, "पण त्यातून बोललात की तेही भरेल. भिंतीला काय कळतं? तिला सगळे तडे सारखेच."

ढमढेरे ओवीबाईंसमोरची खुर्ची ओढून तिच्यावर बसले. एका खोलीत दोघं बसायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, माझी शिफारस लिहून घ्या. इमारत पाडू नये आणि दुरुस्तही करू नये. आजपासून आम्ही परत हॉलमध्ये बसणार."

"साहेब, मग ती तडकणार. मी सांगितलंय ना, फार तर चार-पाच वर्षं."

"आमचंही तेवढंच उरलंय," ढमढेरे म्हणाले. "तुम्ही मधून मधून येऊन मोजत जा. धोका दिसला की सांगा, आम्ही निघू. त्यानंतर महासभेनं खुशाल नवी बांधावी."

डॉ. हिरवेंनी हातातलं उपकरण बंद केलं. मग त्यांनी मान डोलावली. ओवीबाई उठून अतिक्रमण विभागाचं दार वाजवायला गेल्यासुद्धा. व्हरांड्यातून त्यांची हाक ऐकू आली, "अहो बागवान, बाहेर या. तुमची सुनावणी लागलीय!"

हॉलच्या दिशेनं जाता जाता ढमढेऱ्यांनी विचारलं, "ती नवी इमारत कशाची बांधणार आहेत?"

"श्वासाश्माचीच. सुधारित. तिला श्वास फार कमी लागतो, दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचाही पुरतो, आणि ती लवकर बरी होते." डॉ. हिरवे पुढे सहज म्हणाल्या, "सगळं शहरच त्याचं आहे की, साहेब. राहती घरं तर फार उत्तम टिकलीत. लहान खोल्या, बंद खिडक्या आणि आत एकटा का होईना, पण चोवीस तास श्वास घेणारा माणूस. नव्या बांधकामात भेगा असायच्याच, पण घरांच्या भिंतीत आता सुई शिरेल एवढीही जागा सापडणार नाही."

हॉलमध्ये त्या दुपारी खूप दंगा झाला. बागवानांनी शेवग्याच्या शेंगांची आमटी आणली होती. ती सगळ्यांनी वाटून खाल्ली आणि पुरावाच शिजवून आणला म्हणून त्यांना धारेवर धरलं. ढमढेरेही हसले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ते घरी आले. घरानं दिवा लावला. ते चपलाही न काढता स्वयंपाकघरात गेले आणि शेजारच्या घराच्या भिंतीसमोर उभे राहिले. याच भिंतीतून शिट्ट्या यायच्या. त्यांनी हात फिरवला. ओट्याच्या वर एक पांढरट, गुळगुळीत रेघ होती, वरपासून खालपर्यंत. इतकी वर्षं ती तिथे असणार, त्यांनी कधी पाहिली नव्हती. शेजारी कुठेतरी सोडून गेले असतील असं ते धरून चालले होते. कदाचित पलीकडेही कुणी तसंच धरून चाललं असेल. मीरा गेली त्या रात्री ते या भिंतीला टेकून मोठमोठ्यानं रडले होते आणि शेजारून कुणी आलं नाही, म्हणून त्यांनी त्या माणसांना मनातून कायमचं पुसून टाकलं होतं; पुढे ती आहेत की गेली, हेही पाहिलं नव्हतं.

त्यांनी भिंतीला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. मग तोंड जवळ नेऊन ते जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "या जेवायला!"

"आपण मला काही म्हणालात का?" घरानं अदबीनं विचारलं.

"नाही," ढमढेरे म्हणाले. ते वाट बघत तसेच उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपलं तोंड भिंतीला टेकलेलं आहे आणि आपण धापा टाकत तिच्यावर श्वास सोडतो आहोत. त्यांनी हातानं तोंड झाकलं आणि घाईघाईनं मागे सरकले.